सिद्धारामचा ससा

सिद्धाराम आमच्या चाळीत माझ्या खोलीला लागून राहायचा. मधली भिंत एकच होती. त्याच्या घरातलं बोलणं मला ऐकू यायचं. माझ्या घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्याला माझ्याकडचं काही ऐकू जात नसावं.

आम्ही दोघं एकाच मिलमध्ये, एकाच विणकाम खात्यात होतो. मी कारकून, तो साचेवाला. साचा म्हणजे पट्ट्यावर चालणारा लोखंडी माग. सिद्धाराम दोन साचे सांभाळायचा. मी त्याच खात्याची हजेरी आणि कापडातल्या खोटींची नोंद ठेवायचो आणि ज्या वर्षाची ही हकिगत आहे त्याच वर्षी निवृत्त झालो होतो. लिहिण्याची मला सवय नाही. हे वाचण्याजोगं होईल की नाही, याचीही खात्री नाही. पण सिद्धारामबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलो आहे.

तो कुंभारी गावचा. मिसरूड फुटायच्या आधी मिलच्या दारात बदलीवर, म्हणजे न आलेल्या माणसाच्या जागी रोजावर घेतील म्हणून, उभा राहू लागला आणि पुढं कायम झाला. उंच, किडकिडीत, उजव्या खांद्यात थोडा वाकलेला. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. बोलणं फार कमी. साच्यांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून खात्यातली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. सिद्धाराम घरीही तसाच बोलायचा. पाणी हवं असलं की हाताचा पेला करून दाखवायचा. त्याची बायको बसम्मा म्हणायची, "तोंड मिलमध्ये ठिवून येतंय की काय ह्यो माणूस!"

दुष्काळ संपून वर्ष झालं होतं. पावसाळ्यात एका पाळीला साच्याचा पट्टा चाकावरून घसरला. साचा चालू ठेवूनच तो पट्टा हातानं परत चढवायचा, असं सगळेच करत. सिद्धारामनंही तेच केलं. उजवा हात मनगटापाशी सापडला. जखम मोठी होती, पण हाड वाचलं. टाके पडले, टाके निघाले, श्रावणात जखम भरली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं मात्र परत आली नाहीत. म्हणजे होती जागच्या जागी, हलायचीही थोडी, पण त्यांना काही कळत नव्हतं.

"झोपल्यात," तो म्हणायचा. एवढंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आतली शीर तुटली आहे, जाणीव परत येईल किंवा येणार नाही. बोटांना बारीक कामात गुंतवून ठेवा, म्हणजे निदान आखडणार नाहीत. मिलमधले विणकामाचे मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सिद्धारामला बोलावून सांगितलं, "तुझे साचे दिवाळीपर्यंत बदलीवाल्याकडं देतो. दिवाळी झाली की माझ्यासमोर साच्यावर उभा राहा. तुटलेले धागे जोडून दाखव. जमलं तर साचे तुझे. नाही जमलं तर दुसरं काम बघू, कांड्या वाहण्याचं वगैरे."

कांडी म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. भरलेल्या कांड्यांच्या पाट्या साच्यासाच्यापाशी नेऊन द्यायच्या आणि रिकाम्या परत आणायच्या, हे नवशिक्यांचं काम. सिद्धारामनं ते मिलमध्ये आल्या आल्या केलं होतं. आता चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा तेच करायचं की साच्यावर उभं राहायचं, एवढाच प्रश्न होता. तो दिवाळीपर्यंत आमच्या भिंतीपलीकडं बसून राहिला.

बसम्मा म्हणायची, "कांड्या वाहिल्या तर काय जात जाती का? पगार मिळतोय की."

सिद्धाराम डाव्या हातानं बोटं चोळत राहायचा.

"मी काय बोलतेय?"

"ऐकलं."

"मग?"

"साचा सोडून मला काय येतंय?" तो म्हणाला. त्या पावसाळ्यात मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब वाक्य ते.

बोटांना काम म्हणून बसम्मानं त्याला तांदूळ निवडायला दिले. दोन दिवस ते चाललं. मग ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "कुंडलिकराव, तुमच्या दोस्ताला सांगा, खडे काढायचे असत्यात, तांदूळ न्हवं. काल भाताला दात टेकवला तर कडाकड वाजला."  सिद्धारामला चिमटीत खडा आला की तांदूळ आला, हे कळत नव्हतं. ताटात बघायला त्याच्या मनात आलं नसावं. इतकी वर्षं बोटांनीच बघत आला होता.

समोरच्या खोलीत अक्कम्मा राहायची. तेलुगू पद्मशाली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दिवसभर विड्या वळायची आणि ऊन उतरलं की ओट्यावर बसून क्रोशाचं काम करायची. तोरणं, रेडिओवरचे रुमाल, बाळांची टोपडी. शेजारपाजारच्या मुली तिच्याकडं शिकायला यायच्या. बसम्मानं सिद्धारामला तिच्यापुढं नेऊन बसवलं.

"अक्कम्मा, ह्यास्नी शिकव."

"ह्यांना?" अक्कम्मानं त्याच्याकडं वर मान करून बघितलं. बसल्यावरही तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता. "अन्ना, तोरण करणार काय तुमी?"

"कायबी," सिद्धाराम म्हणाला.

"तोरणाला बारीक दोरा लागतंय. तुमच्या बोटाला सापडायचं नाही ते. जाड सूत घ्या. ससा करा."

"ससा?"

"सोपं असतंय. पोरी पहिल्यांदा तेच शिकतात. एकच टाका, गोल गोल फिरत जायचं. चुकलं तरी पोटात कापूस गेला की कोण बघतंय?"

शिकायला बसलेल्या पोरी तोंडावर पदर, ओढणी धरून हसल्या. सिद्धाराम हसला नाही, उठूनही गेला नाही. मी माझ्या दारात खुर्ची टाकून बसायचो, म्हणून मला हे सगळं दिसायचं.

अक्कम्मानं जाड पांढरं सूत दिलं, जाडशी सुई दिली. क्रोशाच्या सुईला टोकाशी खाच असते, त्या खाचेत सूत अडकवून ओढायचं. बोटाभोवती सुताचा एक वेढा घ्यायचा. त्या वेढ्यात मुके खांब घालायचे. सुई आत घातली, सूत ओढून आणलं, सुईवर दोन फास झाले, पुन्हा सूत घेऊन दोन्ही फासांतून काढलं की एक मुका खांब. वेढाभर खांब झाले की सुताचं शेपूट ओढून वेढा आवळायचा, म्हणजे बटणाएवढी चकती होते. मग त्या चकतीच्या कडेनं फिरत राहायचं. खांब वाढवत गेलं की चकती मोठी होते. वाढवायचं थांबलं की कडा वर वळते आणि वाटी होते. नंतर दोन-दोन खांब एकात घालत गेलं की वाटीचं तोंड मिटत जातं. तोंड मिटायच्या आत कापूस भरायचा. झालं सशाचं पोट. मी कधी सुई हातात धरली नाही, पण ऐकून ऐकून मला हे तोंडपाठ झालं.

सिद्धारामनं पहिल्या दिवशी बराच वेळ खाली मान घालून काम केलं. अक्कम्मा पोरींकडं बघत होती. शेवटी त्यानं हात पुढं केला आणि जे केलं होतं ते तिला दाखवलं.

अक्कम्मानं ते उलटं केलं, सुलटं केलं. "हे काय?"

"ससा."

"ही पट्टी झाली की हो, अन्ना!"

खरंच ती पट्टी होती. दोन बोटं रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना एकसारख्या कडा असलेली. तो गोल फिरलाच नव्हता. एक ओळ संपली की सूत वळवून परत मागं आला होता. धोटा जसा एका काठाला गेला की दुसऱ्या काठाला परत येतो, तसा.

"गोल फिरायचं म्हटलं मी. तुमी परत का आला?"

"काठ नको का?" सिद्धाराम म्हणाला.

"कशाला?"

"काठ न्हाय तर कापड सुटतंय की."

"सशाला काठ असतंय काय?" अक्कम्मानं पोरींना विचारलं. "सांगा गं, कुणी काठाचा ससा बघितला?" एक पोरगी म्हणाली, "लग्नातला असेल!" आणि सगळी ओसरी हसली. अक्कम्मा हसता हसता ठसकली. सिद्धारामनं ती पट्टी परत घेतली आणि हळूहळू सगळी उसवली. उसवताना त्याचा चेहरा जसा होता तसाच राहिला. पुन्हा वेढा घेतला.

दुसरी अडचण घट्टपणाची होती. त्याचे टाके इतके आवळलेले असायचे की पुढच्या फेरीला सुईच आत जायची नाही. अक्कम्मा आपल्या सुईनं टोचून बघायची आणि वैतागायची.

"दारं बंद करून ठेवली तुमी. सुई कुठून जाईल?"

"ढिल्लं सोडलं की कापड फेल करत्यात," तो म्हणाला. खात्यात ढिला धागा म्हणजे खोट, हे मीच इतकी वर्षं त्याच्या नावापुढं लिहीत किंवा न लिहीत आलो होतो.

"इथं कोण फेल करणार? मी? ढिलं सोडा."

तो सोडू शकत नव्हता. आपण सूत किती ओढतो आहोत हेच त्याला समजत नव्हतं. एकदा तर तो बराच वेळ ओट्याखाली, पायाशी, धोतराच्या घोळात काहीतरी शोधत होता.

"काय हरवलं?" बसम्मानं विचारलं.

"सुई."

सुई त्याच्या उजव्या हातातच होती. बसम्मानं ती बोटांतून ओढून काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली.  आत निघून गेली. त्या दिवशी भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज जरा जास्त आला.

अक्कम्मानं त्यावर उपाय काढला. ती विड्या वळणारी बाई, डॉक्टर नव्हे, पण शिकवण्यात तिचा हातखंडा होता. ती म्हणाली, "बोटाला कळत नाही तर सोडून द्या त्याला. डोळ्याला विचारा. प्रत्येक फास बघायचा. सुईच्या बाजूला उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसत नाही तोवर सूत सोडत जायचं."

मग सिद्धाराम बघू लागला. हात नाकाजवळ धरून, मान वाकवून, एकेका फासात उजेड शोधत. बाकी कशाकडं त्याचं लक्ष नसायचं. ओट्यावरून शेळी गेली, पोरांचा चेंडू येऊन पाठीवर आदळला, तरी त्याचे डोळे बोटांवर. आधी एकेका खांबाला तो जितका वेळ लावायचा तेवढ्यात पुढं पुढं फेरी होऊ लागली. सूत सुटलं, सुई आत जाऊ लागली, चकती झाली, वाटी झाली.

रुद्रप्पा आमच्या खात्यातला जॉबर. साचेवाल्यांवर देखरेख त्याची. संध्याकाळी पाळी सुटल्यावर तो चाळीवरून जायचा. सिद्धारामला ओट्यावर बायकांत बसलेला बघून त्यानं सायकल थांबवली.

"काय ओ साचेवाले! नवा साचा लई बारका हाय की!"

सिद्धारामनं मान वर केली नाही.

"पाळी कितीची हितं? अन् जॉबर कोण, अक्कम्मा का?"

"मीच," अक्कम्मा म्हणाली. "तुला ठेवू काय बदलीवर? विडी मिळेल पगारात."

रुद्रप्पा हसत हसत निघून गेला. चाळीतल्या बाकीच्यांनीही थोडे दिवस टिंगल केली. टिंगलीला उत्तर मिळालं नाही की ती आपोआप सुकते. दसऱ्यापर्यंत पुरुष माणूस क्रोशाचं काम करतो याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

ससा दसऱ्यानंतर पुरा झाला. पोटात जुन्या उशीतला कापूस. डोळ्यांच्या जागी काळ्या दोऱ्याचे दोन टाके. पाय आखूड, शेपटीला गोंडा. कान सगळ्यात शेवटी केले होते, आणि कान करताना त्याचा हात कधीतरी जुन्या सवयीवर गेला असावा. कान लोंबायचे ते ताठ उभे राहिले, वर थोडे आत वळलेले. त्यानं तो ससा ओट्यावर ठेवला आणि सगळे गोळा झाले.

"मांजर," एक पोरगी म्हणाली.

"डुक्कर हाय," बाहेरून कोणीतरी म्हणालं.

बसम्मा हात पुसत आली. तिनं बघितलं आणि तिचा हात आपोआप कपाळाकडं गेला. "अय्यो, बसवण्णा!"

ती म्हणाल्यावर सगळ्यांनाच ते दिसलं. पांढरा, पाय दुमडून बसलेला, शिंगं आत वळलेली. देवळात पिंडीसमोर बसलेला असतो तसा नंदी.

"ससा हाय," सिद्धाराम म्हणाला.

"गप बसा," बसम्मा म्हणाली. "देवानं तुमच्या हातून बसवण्णा करून घेतला आणि तुमी ससा म्हणताय!" तिनं तो उचलला, देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याच्या कपाळाला भस्म लावलं. अक्कम्मा मला म्हणाली, "एवढ्या पोरींना शिकवलं, कुणाचा ससा देव झाला नाही."  सिद्धाराम दुसरी चकती करायला बसला. ती हात चालू राहावा म्हणूनच होती, तिचं पुढं काही झालं नाही.

दिवाळीला त्याची मुलगी हेमावती अक्कलकोटाहून आली. तिची लेक नुकती चालायला लागली होती. त्या पोरीनं पहिल्याच दिवशी देव्हाऱ्यात हात घातला आणि बसवण्णाचं शिंग तोंडात धरलं.

"अगं, अगं, देव हाय तो!" बसम्मा धावली.

"ससा हाय की, अव्वा," हेमावती म्हणाली. "दे की तिला. कान कसं हायत बघ."

बसम्मानं बराच वेळ विचार केला. शेवटी ओल्या फडक्यानं भस्म पुसलं, हात जोडले आणि ससा नातीला दिला. जाताना पोरगी तो काखेत घेऊन गेली. दोघींना एस.टी.त बसवताना सिद्धाराम लेकीला एवढंच म्हणाला, "टाका सुटला तर पाठवून दे."

त्या पंधरवड्यात त्यानं सुई बाजूला ठेवली आणि गाठींचा सराव धरला. खिडकीच्या गजाला सुताची लड बांधायची, धागा कापायचा, दोन टोकं पुढ्यात धरून गाठ मारायची, पुन्हा कापायचा. साचेवाल्याची गाठ बारीक असते, उभे धागे ओवलेल्या फणीच्या दातांतून अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. सुरुवातीला त्याच्या हातून टोकं निसटायची. मग तो क्रोशाच्या फासाकडं बघायचा तसा त्या गाठीकडं बघू लागला, आणि गाठी बसू लागल्या. मी खिडकीबाहेरून बघायचो. चांगल्या गाठी होत्या. मी इतकी वर्षं खात्यात बसलो, मला गाठ कळते, असं मला वाटत होतं.

"जमतंय की," मी एकदा म्हणालो.

"जमतंय," तो म्हणाला.

"जाणीव आली काय बोटांना?"

त्यानं मान हलवली. न्हाय.

मास्तरांपुढं साच्यावर उभं राहायची सकाळ आली, तेव्हा बसम्मानं मला त्याच्याबरोबर मिलमध्ये जायला सांगितलं. "मास्तर तुमच्या ओळखीचं हायत. हे काय बोलायचं न्हाईत. तुमी बोला." मी तरी काय बोलणार होतो, पण गेलो. पहारेकऱ्यानं ओळखून आत सोडलं.

खात्याच्या दारातून आत पाऊल टाकलं की आवाज अंगावर येतो. निवृत्त झाल्यावर मला तो नवीन वाटला. रुद्रप्पानं सिद्धारामच्याच दोन साच्यांपाशी नेलं. बदलीवाला पोरगा बाजूला झाला. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

रुद्रप्पानं साचा थांबवला, ताण्याच्या उभ्या धाग्यांतला एक कापला आणि सिद्धारामकडं बघितलं. सिद्धाराम वाकला. दोन टोकं धरली, गाठ मारली, टोकं तोडली. बारीक आकडा घेऊन धागा फणीतून ओढून घेतला. आकड्याचं काम तर पूर्वीपेक्षा सफाईनं झालं. मास्तरांनी वाकून गाठ बघितली, बोट फिरवलं आणि मान डोलावली. रुद्रप्पानं माझ्याकडं बघून अंगठा वर केला. मला वाटलं, झालं.

मग मास्तरांनी हातानं खूण केली, दोन्ही साचे चालू कर.

साचे चालू झाले. सिद्धाराम दोहोंच्या मध्ये उभा राहिला, पूर्वी राहायचा तसा, उजवा खांदा थोडा खाली. काही वेळ सगळं ठीक गेलं. मग डावीकडच्या साच्यात एक धागा तुटला. त्याला तो दिसला. त्यानं साचा थांबवला, वाकला, टोकं धरली, आणि मान खाली घालून बोटांकडं बघू लागला.

त्याच्या पाठीमागं उजव्या साच्यात एक धागा तुटला. त्या साच्याला धागा तुटलेला कळत नाही, तो चालत राहतो. तुटलेलं टोक शेजारच्या धाग्यांत गुंतलं, ते धागे एकमेकांना चिकटले, आणि धोटा त्यांच्यावरून नुसताच जाऊ लागला. कापडात जाळी पडत चालली. मला दिसत होतं. मास्तरांना दिसत होतं. ओरडून उपयोग नव्हता. रुद्रप्पानं पुढं होऊन साचा बंद केला. सिद्धारामनं गाठ पुरी केली आणि वळून बघितलं.

मास्तरांनी खूण केली, पुन्हा.

पुन्हा तेच झालं. पुन्हा एकदा तेच. गाठ दरवेळी चांगली होती. पण गाठ मारायला घेतली की त्याचे दोन्ही डोळे तिच्यात जायचे, आणि तेवढ्यात पाठीमागचा साचा कोणाचाच नसायचा. साचेवाला गाठ मारतो तेव्हा त्याचे हात एकीकडं असतात आणि डोळे दुसऱ्या साच्यावर. हे मी रोज बघितलं होतं, पण बघितलं आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याला डोळ्यांचंच काम शिकवलं होतं आणि तो ते मन लावून शिकला होता.

मास्तरांनी आम्हाला बाहेर बोलावलं. दार बंद झाल्यावर आवाज एकदम कमी झाला. रुद्रप्पा बरोबर आला होता, तो जमिनीकडं बघत उभा राहिला.

"सिद्धाराम," मास्तर म्हणाले, "गाठ चांगली आहे तुझी."

"व्हय."

"पण तू हाताकडं बघतोस."

"व्हय."

"न बघता येईल का?"

सिद्धारामनं हात पुढं केला, उलटा केला, सुलटा केला, जसा अक्कम्मानं त्याची पट्टी बघितली होती. "न्हाय," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो. "मास्तर, एखादा महिना अजून... एकच साचा दिला तर..."

"एक साचा कुणाला देता येत नाही, कुंडलिकराव. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं.

"दवाखान्यात पुन्हा दाखवून बघू," मास्तर म्हणाले.

"नको," सिद्धाराम म्हणाला. "कांड्या द्या."

रुद्रप्पानं मान वर केली. "हलकं हाय ते काम, सिद्धाराम. ताप न्हाय काय. तू उभ्या उभ्या..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

"कवापासून येऊ?"

"उद्यापासून ये," मास्तर म्हणाले. "पहिली पाळी." आणि आत निघून गेले.

आम्ही फाटकाबाहेर आलो. बाहेर मिलच्या माणसांचं चहाचं हॉटेल होतं. मी त्याला आत नेलं, कारण घरी जाऊन बसम्माला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. पुढं त्यानं कांड्या वाहिल्या, नोकरी संपेपर्यंत वाहिल्या. आपल्या जुन्या साच्यांपाशीही तो दिवसातून कितीदा तरी पाटी ठेवायचा. अक्कम्माची सुई त्यानं त्याच आठवड्यात परत केली. पोरी विचारायच्या तेव्हा म्हणायचा, आता येत न्हाय मला. खरंच येत नव्हतं की नाही, मी कधी विचारलं नाही. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही लाकडी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो.

पोऱ्यानं दोन ग्लास आणून ठेवले. चहा नुकता उकळीवरून उतरलेला होता. मी माझा ग्लास काठाशी धरून बघितला आणि लगेच खाली ठेवला. सिद्धारामनं त्याचा उजव्या हातात घेतला, पूर्ण मुठीत, आणि धरून बसला. समोर रस्त्यावरून सायकली जात होत्या. तो त्यांच्याकडं बघत होता. त्याची बोटं लाल होत गेली.

"सिद्धाराम," मी म्हणालो.

त्यानं हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"गरम हाय का?" त्यानं विचारलं.

"हो. फार."

"बरं," तो म्हणाला. त्यानं ग्लास डाव्या हातात घेतला, चटका बसला म्हणून चटकन बाकावर ठेवला, आणि चहा निवायची वाट बघत बसला.